पिन बसली म्हणजे जुळली नव्हे
जुन्या चार्जर-अ‍ॅडॉप्टरांचा दुकानात व कारखान्यात उपयोग : एक अभ्यास

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी किंवा दुकानात एक खोका असतो. बिघडलेल्या मोबाइलचे चार्जर, बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर, इंटरनेटच्या राउटरची वायर, मुलाच्या जुन्या संगणकाचे सुटे भाग, असे सगळे त्यात पडून असते. फेकवत नाही आणि उपयोगही सुचत नाही. कापडाच्या धंद्यात आपण अशा मालाला कटपीस म्हणतो. कटपीस हा टाकाऊ माल नव्हे. ज्याला त्याचा पन्हा व लांबी मोजता येते तो त्यातून मुलाचा सदरा काढतो. ज्याला मोजता येत नाही त्याच्याकडे त्याची चिंधी होते.

त्या खोक्यातील चार्जरचेही तसेच आहे. त्यांतून आठवडी बाजाराचा दिवा चालतो, शिलाई मशीनवरचा लहान बल्ब चालतो, काउंटरवरचा छोटा पंखा चालतो. मात्र मोजल्याशिवाय जोडल्यास दिवा जातो, बॅटरी जाते, आणि कापडाच्या दुकानात तर आगीचे भय असते. हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे. लेखक इंजिनिअर नव्हे, दुकानदार आहे. त्यामुळे जे हाताने करून पाहिले तेच येथे दिले आहे.

दोन मापे : व्होल्ट आणि अँपिअर

प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी असतात. इनपुटची ओळ भिंतीतील २३० व्होल्टची. आपल्याला हवी ती आउटपुटची. तेथे ५ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट २ अँपिअर, १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर असे काही लिहिलेले आढळेल.

यात व्होल्ट हा कापडाचा पन्हा समजा. तो तंतोतंत जुळलाच पाहिजे. ५ व्होल्टच्या दिव्याला ५ व्होल्टच द्यावे लागतात. १२ दिले की तो जळतो. अँपिअर म्हणजे ताग्यातील लांबी. ती गरजेइतकी किंवा त्याहून जास्त असावी. दिव्याला अर्धा अँपिअर लागत असेल आणि अ‍ॅडॉप्टर २ अँपिअरचा असेल तर काही बिघडत नाही. दिवा आपल्या गरजेपुरतीच वीज ओढतो. उलट दिव्याला २ अँपिअर हवे आणि अ‍ॅडॉप्टर अर्ध्याचा असेल तर अ‍ॅडॉप्टर तापतो व शेवटी बसतो.

हिशेब सोपा आहे. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट येतात. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर २४ वॅटचा झाला. त्यावर १५-१८ वॅटचाच भार टाकावा. पूर्ण २४ वॅट तासन् तास ओढू नयेत.

तिसरी गोष्ट दिशेची. आमच्या उर्दू शाळेत मुस्बत आणि मन्फी शिकवत, मराठी पुस्तकात धन आणि ऋण असते आणि दुकानात सगळेच प्लस-मायनस म्हणतात. नाव कोणतेही घ्या, हे उलटे जोडले तर साधा एलईडी पेटणार नाही, पण आत सर्किट असलेली वस्तू कायमची जाऊ शकते.

या तिन्ही गोष्टी पाहण्यासाठी एक साधा मल्टीमीटर घ्यावा. त्याचा काटा डीसी २० व्होल्टवर ठेवावा. लाल टोक पिनेच्या आतल्या भागाला आणि काळे टोक बाहेरच्या भागाला लावावे. आकडा वाचावा. आकड्यापूर्वी उणे चिन्ह दिसले तर प्लस-मायनस उलटे आहेत असे समजावे. गजकाठी नसलेला कापड दुकानदार आणि मीटर नसलेला वायर जोडणारा, दोघेही अंदाजावर धंदा करतात.

कोणती पिन काय देते

गोल पिन. राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही कॅमेरा यांना जाड गोल पिन असते. बाहेरून साधारण ५.५ मिलिमीटर, आतील छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटर. बहुधा आत प्लस व बाहेर मायनस असतो. अ‍ॅडॉप्टरवर दोन वर्तुळांची लहान खूण काढलेली असते, तिच्यावरून ते कळते. ही पिन सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत फसवीही आहे. कारण हीच पिन ५, ९, १२ आणि २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरांवरही आढळते. पिन तंतोतंत बसते, व्होल्ट मात्र जुळत नाहीत. जुन्या नोकियाच्या मोबाइलला आधी जाडी व नंतर बारीक गोल पिन असे. ती बारीक पिन पुढे अनेक स्वस्त टॉर्च व दिव्यांनाही लागली. ते चार्जर आजही खोक्यात सापडतात आणि लहान दिव्याला पुरतात.

चपटी यूएसबी. ही पिन १९९६ साली संगणकासाठी आली. ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या गटात बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे भारतीय इंजिनिअर प्रमुख होते. तिचा मोठा गुण असा की या चपट्या तोंडातून साधारणपणे ५ व्होल्टच येतात. जलद चार्जर जास्त व्होल्ट देतो खरा, पण मोबाइलने तशी मागणी केल्यावरच. साध्या दिव्याला ती मागणी करता येत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्टच मिळतात. तुटलेली केबल कापली की आत बहुधा चार तारा निघतात. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हिरवी व पांढरी माहिती नेण्यासाठी. आपल्याला लाल आणि काळीच हवी, उरलेल्या दोन्ही वेगवेगळ्या टेप लावून बंद कराव्यात. स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले असतात, म्हणून रंगावर विसंबू नये, मीटर लावावा.

टाइप-सी. २०१४ साली आलेली ही पिन दोन्ही बाजूंनी बसते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलसाठी ती सक्तीची केली आहे आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही तिचे मानक प्रसिद्ध केले आहे. म्हणजे पुढील काळात खोक्यात हिचीच भर पडणार. ही वापरताना अनेकांची फसगत होते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल घरगुती दिव्याला जोडली की चार्जर काहीच देत नाही आणि माणूस चार्जर बिघडला म्हणून फेकतो. चार्जर बिघडलेला नसतो. समोर कोणी वीज घेणारा आहे याची खूण मिळेपर्यंत तो वीज सोडत नाही, एवढेच. दिव्याच्या बाजूच्या टाइप-सी सॉकेटमध्ये सीसी नावाचे दोन बिंदू असतात. त्या प्रत्येकापासून मायनसपर्यंत ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावला की ५ व्होल्ट मिळू लागतात. हे काम रेडिओ-मोबाइल दुरुस्ती करणारा कोणीही करून देईल.

पॉवर बँक. ही ५ व्होल्टच देते, पण फार कमी वीज घेणारा एकच बारीक दिवा लावला तर काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. मोबाइल भरला असे त्या समजतात. दिवा थोडा मोठा घेतला की ही अडचण जाते.

संगणकाची चार तारांची पिन. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून हिच्यात पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या मायनस असतात. दुरुस्तीच्या टेबलावर एकाच जागी दोन्ही मापे मिळतात. मात्र त्या लोखंडी डब्याचे झाकण कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जोराचा धक्का शिल्लक असतो.

कारमधील मोबाइल चार्जर. याला आपण निव्वळ गाडीची वस्तू समजतो. वास्तविक हा १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा तयार यंत्रभाग आहे. टोकाचे बोंड प्लस आणि बाजूच्या पत्र्याच्या स्प्रिंगा मायनस. १२ व्होल्टच्या बॅटरीला हा योग्य रीतीने जोडला की यूएसबीचे तोंड तयार झाले.

या पिना कधीही वापरू नयेत

भिंतीच्या सॉकेटची टू-पिन किंवा थ्री-पिन. काही कारागीर बॅटरीच्या १२ व्होल्टच्या दिव्याला हीच पिन बसवतात, कारण ती प्रत्येक दुकानात मिळते. हा प्रकार ताबडतोब बंद करावा. आज ज्याने बसवली त्याला ठाऊक असते. उद्या घरातील मूल ती पिन भिंतीत घालते आणि १२ व्होल्टच्या वस्तूत २३० व्होल्ट जातात.

गाणी ऐकण्याच्या हेडफोनची पिन. ती आत जाताना तिचे टोक सॉकेटमधील दोन्ही पत्र्यांना क्षणभर एकत्र टेकते. वीज चालू असेल तर तेथेच शॉर्ट होतो.

नेहमीच्या बल्बचा होल्डर. याचा अनुभव आमच्याच दुकानात आला. लोडशेडिंगच्या काळात बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा एलईडी बल्ब आणला होता. त्याचे बूड अगदी नेहमीच्या बल्बसारखेच, दोन कानांचे. एके संध्याकाळी काउंटरवरचा बल्ब गेला. कामावरील मुलाने खणातून हाच बल्ब काढून वरच्या होल्डरमध्ये बसवला आणि बटण दाबले. फटकन आवाज झाला, धूर निघाला आणि वितळलेल्या प्लास्टिकचे तुकडे खाली उघड्या ठेवलेल्या सुटिंगच्या ताग्यावर पडले. तागा घड्या घातलेला असल्याने एकाच ठिकाणची भोके चार-पाच थरांतून गेली आणि मीटरमागे मीटर कापड वाया गेले. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. बल्ब होल्डरमध्ये बसत होता, म्हणून त्याने बसवला. दोष दोन वेगळ्या मापांच्या वस्तूंना एकच बूड ठेवण्याचा होता. खाली जॉर्जेट किंवा पॉलिएस्टरच्या साड्या असत्या तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री झोप येऊ देईना.

जुन्या पिढीला आठवत असेल, १९५६ च्या कायद्यानंतर गज जाऊन मीटर आला. गज ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा. एकाच दुकानात दोन्ही काठ्या राहिल्या तर भांडणे होणारच. शहाण्या दुकानदाराने एक काठी मोडून टाकली. विजेतही तेच करायचे आहे. एका दुकानात एका आकाराच्या पिनेला एकच व्होल्ट.

प्रत्यक्ष धडा : फवारणी पंपावर बाजाराचा दिवा

आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, तूर, कापूस यांच्या फवारणीसाठी पाठीवरचा बॅटरी पंप गावोगाव आहे. त्यात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची सीलबंद शिसे-आम्लाची बॅटरी असते. फवारणीचा हंगाम संपला की पंप कोपऱ्यात जातो, बॅटरी महिनोन् महिने रिकामी पडते आणि पुढच्या पावसाळ्यात चार्ज होत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीला वापरापेक्षा रिकामे पडून राहणे अधिक बाधते. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा येथील बाजारांत बसणाऱ्यांनी ती या काळात दिव्यासाठी वापरली तर दोन्ही कामे साधतात.

हिशेब असा. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट-तास. बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मेच, म्हणजे ४८ वॅट-तास वापरावेत. ६ वॅटचे १२ व्होल्ट डीसी असे दोन एलईडी दिवे म्हणजे १२ वॅट. ४८ भागिले १२, म्हणजे चार तास. दिवेलागणीपासून बाजार उठेपर्यंत एवढे पुरते.

जोडण्याची रीत अशी :

१. बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात तो होल्डरसह मिळतो. ही पायरी कोणीही गाळू नये. लहान दिसणारी ही बॅटरी शॉर्ट झाल्यास वायर लाल होईपर्यंत वीज सोडते.

२. तेथून ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन रंगांची वायर आणावी. लाल प्लस, काळी मायनस.

३. बॅटरीच्या वायरीच्या टोकाला गोल पिनेचे सॉकेट, म्हणजे मादी बसवावी आणि दिव्याच्या वायरीला नर. नियम असा की जिकडून वीज येते तिकडे मादी. नर पिन उघडी असते. वीज असलेली नर पिन लोखंडी खाटेला किंवा तराजूला टेकली की शॉर्ट झालाच.

४. सॉकेट जोडल्यावर दिवा लावण्यापूर्वी मीटरने व्होल्ट व दिशा पाहावी.

५. सॉकेटवर व पिनेवर नेलपॉलिश किंवा रंगाने १२ असा आकडा लिहावा.

६. मोबाइल चार्ज करायचा असल्यास याच वायरीवर वर सांगितलेला कारचा चार्जर लावावा. मात्र तेवढी वीज दिव्याच्या हिशेबातून वजा होते हे ध्यानात ठेवावे.

७. मीटरवर बॅटरी १२ व्होल्टच्या खाली आली की दिवा बंद करावा आणि त्याच रात्री पंपाच्या मूळ चार्जरने ती भरावी. वापर नसला तरी महिन्यातून एकदा भरावी.

पंपात लिथियमची बॅटरी असेल तर हा उद्योग करू नये. तिचे आवरण उघडणे, तिला परक्या चार्जरने भरणे आगीला आमंत्रण आहे. जुन्या मोबाइलच्या फुगलेल्या बॅटरीलाही हेच लागू आहे. ती जपून वेगळी ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

लांब वायरीचा तोटा

शिवणकाम करणारे भाऊ तक्रार करतात की चार्जरजवळ दिवा लख्ख लागतो, पण मशीनपर्यंत वायर वाढवली की मिणमिणतो. कारण वायरीत आहे. मोबाइलच्या केबलमधील बारीक तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.२ ओहम असतो. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार आणि २ ओहम विरोध. त्यातून १ अँपिअर गेला की २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ५ व्होल्टच्या दिव्याच्या वाट्याला ३ उरतात.

तीच ५ वॅट शक्ती १२ व्होल्टने नेली तर ०.४२ अँपिअर पुरतो आणि वाटेत एक व्होल्टही जात नाही. म्हणून नियम असा : लांब न्यायचे तर १२ व्होल्टने न्यावे आणि दिव्यापाशी गेल्यावर ५ करावेत. चार मशीनच्या कारखान्यात एक १२ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर, जाड वायर आणि प्रत्येक मशीनपाशी एक सॉकेट अशी रचना सर्वांत सोयीची.

उजेड कसा असावा

कापडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. गिऱ्हाईक कापड हातात घेऊन दाराशी जाते व म्हणते, उजेडात पाहू द्या. त्याचा आपल्यावर अविश्वास नसतो, आपल्या दिव्यावर असतो. स्वस्त एलईडीखाली गडद निळा आणि काळा, मरून आणि तपकिरी यांतील फरक बुडतो. घरी गेल्यावर रंग वेगळा निघाला की माल परत येतो आणि नावही जाते. दिव्याच्या पाकिटावर सीआरआय नावाचा आकडा पाहावा. सूर्यप्रकाशाचा तो १०० धरतात. कापड, भरतकाम, रंगकाम यांसाठी ९० किंवा अधिक असावा. प्रकाशाचा रंग ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असावा. फार पिवळाही नको आणि निळसरही नको.

यातून धंदा होईल काय?

होईल, पण तो विश्वासाचा धंदा आहे. खेड्यातील साध्या माणसाने असे काम शिकावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनाही तेथे हाताने काम करता करता वीज, वेल्डिंग, बांधकाम शिकवले गेले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या साहाय्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना हाती घेतली, तिच्यात दिव्यांची जुळणी व दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतली. या दोन्ही ठिकाणांवरून दिसते की अशा कामाला पदवी नव्हे, मापाची शिस्त लागते.

आपल्या मोहल्ल्यात मोबाइल दुरुस्ती करणारी, वायरिंग करणारी हुशार मुले आहेत. त्यांनी मशीनचे दिवे, हातगाडीचे दिवे, बाजाराच्या पेट्या जुळवून द्याव्यात. जुना अ‍ॅडॉप्टर वापरला असेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. पाठीवर २ अँपिअर छापलेला पण अर्धाही न देणारा चार्जर बाजारात पुष्कळ आहे. तो मीटर लावून, भार टाकून पारखल्याशिवाय कोणाच्या घरी देऊ नये. नवा घेताना त्यावर मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहावे. दिलेल्या वस्तूवर व्होल्ट लिहून द्यावेत. कमी वजनाचे माप आणि खोट्या आकड्याचा चार्जर यांत फरक नाही.

शेवटी, लेखाचे सार एका कागदावर लिहून खोक्याच्या झाकणावर चिकटवावे :

• व्होल्ट तंतोतंत, अँपिअर गरजेइतके किंवा जास्त.
• जोडण्यापूर्वी मीटर. रंगावर व आकारावर विश्वास नाही.
• एका आकाराच्या पिनेला एकच व्होल्ट. चपटी यूएसबी म्हणजे ५, गोल म्हणजे १२. बाकी मापांचे गोल पिनेचे अ‍ॅडॉप्टर दुकानाबाहेर.
• बॅटरीपाशी फ्यूज. वीज येते तिकडे मादी.
• भिंतीची पिन आणि बल्बचा होल्डर फक्त २३० व्होल्टसाठी.
• कापडावर, कापसावर किंवा गादीवर अ‍ॅडॉप्टर ठेवू नये. दुकान बंद करताना तो काढून ठेवावा.

आमच्या दुकानात त्या जळालेल्या ताग्याचा एक तुकडा अजून ठेवला आहे. कामावर नवा मुलगा आला की त्याला आधी तो दाखवतो आणि मग हातात मीटर देतो.